वाढदिवसाचे छोटे कपकेक : आप्पेपात्रात शिजलेला एक पाठ



आजचा लेख खाण्याचा आहे, पण त्यात गणित आहे, विज्ञान आहे आणि थोडं आमच्या येरमाळ्याचंही आहे. कपकेक कसे करायचे हे तर सांगणारच आहे. पण ते का करायला घेतले ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसती पाककृती वाटेल.

माझ्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे. पट ३१. वर्गात वाढदिवस म्हणजे काय व्हायचं, ते तुम्हीही पाहिलं असेल. ज्याच्या घरी जमतं तो स्टँडवरच्या बेकरीतून अर्ध्या किलोचा केक आणतो. त्याचे ३१ तुकडे करायचे म्हणजे एकाच्या वाट्याला १६ ग्रॅम. त्यात क्रीमचं फूल कुणाला, नावातलं अक्षर कुणाला, यावरून भांडण. तेवढं चालून गेलं असतं. पण माझ्या लक्षात आलं की काही मुलं स्वतःच्या वाढदिवसाला हमखास गैरहजर असतात. "पोट दुखत होतं सर." दुसऱ्या दिवशी येतात. हजेरी आणि जन्मतारखा शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा हे दिसलं. केक आणता येणार नाही म्हणून पोर घरी बसतंय.

आणि एक मुलगी होती, ती तर जानेवारीत कधी वर्गात नसायचीच. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत. आपल्या भागात हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण हिच्या पाठीवर लहान भाऊ, त्याला सांभाळायला तिला न्यावंच लागायचं. वर्गात एकदा वाढदिवसांचा तक्ता करत होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "सर, माझा वाढदिवस फडावर येतो." तक्रार नव्हती, नुसती माहिती दिल्यासारखं बोलली. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही.

मग मुलांसमोरच ठरवलं. वर्गात महिन्याचा एकच वाढदिवस. त्या महिन्यातली सगळी मुलं एकत्र. बाहेरचा केक कुणीही आणायचा नाही, आपणच करायचा, आणि मोठा एक नाही तर छोटे पुष्कळ. प्रत्येकाला अख्खा. आणि जी मुलं दिवाळीनंतर जाणार आहेत, त्यांचे वाढदिवस जाण्याआधीच्या महिन्यात धरायचे. तारखेचं काय, असं एका पोरानं विचारलंच. मी म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांची तारीख विचार. बहुतेक एक जून सांगतील. पूर्वी शाळेत नाव घालताना कुणाला जन्मतारीख माहीत नसायची, मग गुरुजीच एक जून टाकायचे. आपल्या गावागावांत एकाच दिवशी जन्मलेली शेकडो म्हातारी माणसं आहेत! गुरुजींना एवढा अधिकार होता, तर मला दोन महिने अलीकडे-पलीकडे करायला काय हरकत?

कप कुठून आला

मुलांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की याला कपकेक का म्हणतात. याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी. एक म्हणजे हे केक पूर्वी चहाच्या कपासारख्या छोट्या भांड्यांत भाजत. अमेरिकेत १७९६ साली छापलेल्या एका पाककृतीच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकचा उल्लेख सापडतो. दुसरं उत्तर मला वर्गासाठी जास्त आवडतं. त्या काळी घरात तराजू नसायचा, म्हणून साहित्य वजनाऐवजी कपानं मोजायला लागले. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप पीठ, चार अंडी, असा एक-दोन-तीन-चारचा केकही होता. पाठ करायला किती सोपं! आपल्या आया-आज्या तरी वेगळं काय करतात? शिऱ्याला एक वाटी रवा, एक वाटी साखर. म्हणजे आपल्या भाषेत हा वाटीकेकच झाला.

छोटा केक ही आपल्याकडे अगदी परकी वस्तू आहे असंही नाही. मुंबईच्या इराणी आणि पारशी मंडळींनी त्यात खवा घातला आणि मावा केक केला. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या १९१४ सालच्या मेरवान यांच्या इराणी हॉटेलातला मावा केक इतका नावाजलेला होता, की तो सकाळीच संपून जायचा. कागदात बसवलेला, मुठीत मावेल एवढा, वेलचीचा वास. पुण्यात कॅम्पातल्या कयानी बेकरीतही तो मिळतो. आता गंमत बघा. मावा म्हणजे खवा, आणि खवा म्हणजे आमचा जिल्हा. भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचा पेढा कुणाला माहीत नाही? आमच्या पट्ट्यातला खवा गाड्या भरून शहराकडे जातो आणि आमची मुलं मात्र वाढदिवसाला डालड्याच्या क्रीमचा केक खातात. हे मला जरा टोचलं. म्हणून आमच्या कपकेकमधला पहिला प्रकार खव्याचा.

भांडी कोणती

आमच्या घरी ओव्हन नाही, शाळेत असण्याचा प्रश्नच नाही. पण आप्पेपात्र निम्म्या घरांत असतं. बारा खळग्यांचं आप्पेपात्र म्हणजे छोट्या कपकेकचा तयार साचाच. केक खालून गोल होतो, कपासारखा बसका नाही, एवढाच फरक. कागदी कपातलाच हवा असेल तर छोट्या स्टीलच्या वाट्या घ्या, त्यात कागदी कप बसवा आणि झाकण असलेल्या जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात किंवा कढईत भाजा. तळाला बोटभर मिठाचा थर, त्यावर कड्याची घडवंची, त्यावर ताटली आणि ताटलीत वाट्या. कागदी कप थेट आप्पेपात्रात मात्र ठेवू नका. मी ठेवले होते. जळाले.

पुष्कळ जण यासाठी प्रेशर कुकर वापरतात, शिट्टी आणि रबरी रिंग काढून. पण कुकर पाण्याशिवाय तापवू नका असं कुकरबरोबरच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. शिवाय मुलं समोर असताना कुकरची अशी सवय दाखवावी असं मला वाटत नाही. घरी जाऊन एखादं पोर रिंग न काढताच ठेवायचं.

माप आणि दिडकी

सगळ्यात आधी वाटी ठरवा. प्रत्येक घरची वाटी वेगळी, हे मुलांना पटवायला मी पाच घरच्या वाट्या मागवल्या आणि मापट्यानं पाणी ओतून पाहिलं. सगळ्यांत लहान वाटीत १२० मिली मावलं, मोठीत २२०. आम्ही २०० मिलीची वाटी पक्की केली. चमचा म्हणजे ५ मिलीचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो चालतो, आणि मोजताना तो सपाट भरायचा.

मूळ मिश्रणाचं माप असं. मैदा दीड वाटी. साखर पाऊण वाटी, मोजून मग मिक्सरमधून फिरवलेली. ताजं घट्ट दही एक वाटी. वास नसलेलं तेल अर्धी वाटी. बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. यात आप्पेपात्रातले साधारण २४ होतात.

आता वर्गात प्रश्न टाकला, २४ जणांचं माप आहे, आपल्याला ३६ करायचे तर? मुलांनी बरोबर ओळखलं, दीडपट. एका वाटी दह्याची दीड वाटी झाली. अर्ध्या वाटी तेलाची दीडपट पाऊण. दीड वाटी मैद्याची दीडपट सव्वादोन, इथे जरा डोकी खाजवली गेली. पण पाऊण वाटी साखरेची दीडपट? सगळे गप्प. त्या दिवशी एका मुलाचे आजोबा दुधाची किटली घेऊन आले होते, ते दारातूनच म्हणाले, "एक आन् अदपाव." मी फळ्यावर मांडून पाहिलं. नऊ अष्टमांश, म्हणजे एक पूर्ण आणि एक अष्टमांश. बरोबर! आजोबा चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात हेही त्यांनीच मुलांना सांगितलं. आपण अपूर्णांक शिकवताना गोल काढून रंगवतो, ते ठीकच आहे. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलांच्या तोंडी आधीपासून असतात आणि आपण ते वापरतच नाही, असं मला त्या दिवशी जाणवलं.

फुगतो कसा

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण पाठाचा गाभा हाच आहे आणि माझी फजितीही इथेच झाली.

येरमाळ्यात येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा असते, तेव्हा भाविक चुनखडीचे पांढरे खडे वेचून वाहतात. आमच्या मुलांना चुनखडी दाखवावी लागत नाही. देवीला वाहायचे खडे आम्ही घेतले नाहीत, ओढ्याकाठी तसेच खडे मिळतात, ते आणले. एक ठेचून त्याची पूड बशीत ठेवली आणि वर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे येऊन फसफस सुरू झाली. दुसऱ्या बशीत खायचा सोडा, त्यावरही लिंबू. तिथे तर जोरात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दोघांचं आंबट पदार्थाशी जमलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हाच वायू केकच्या पिठात अडकतो आणि गरम झाल्यावर पसरतो, म्हणून केक फुगतो आणि आत जाळी पडते. (चुनखडी केकात घालायची नाही, हे स्पष्ट सांगा. माझ्याकडे एकानं विचारलं होतं.)

आपल्या केकात लिंबाचं काम दही करतं. त्यात लॅक्टिक आम्ल असतं. दही लागताक्षणी सोडा कामाला लागतो, म्हणून मिश्रण कालवून गप्पा मारत बसायचं नाही. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्या भांड्यात, पात्र तापल्यावरच दोन्ही एकत्र करायचं. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल शोषायला थोडा स्टार्च असतो. आता जी बेकिंग पावडर मिळते ती बहुतेक दोन टप्प्यांत काम करते, थोडं ओल लागल्यावर आणि बाकीचं आच लागल्यावर. दुसरा घाणा दहा मिनिटं थांबला तरी अगदी बसत नाही, तो तिच्यामुळे.

या पावडरीमागची गोष्ट मुलांना आवडते. अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या बायकोला ना अंडी चालत ना यीस्ट. म्हणून त्यानं १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं आणि १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवायला बेकिंग पावडर. जेवणाऱ्या माणसाला चालत नाही म्हणून पदार्थच बदलला. माझ्या वर्गात माळकरी घरची मुलं आहेत, त्यांना अंडं चालत नाही. म्हणून आमचा केकही बिनअंड्याचा. अंडं वाईट असं मी सांगत नाही, ज्यांच्या घरी चालतं त्यांनी जरूर खावं. पण एका ताटात सगळ्यांना चालेल असंच ठेवायचं होतं.

आता फजिती. पहिल्या वेळी घरी करून पाहताना मला वाटलं, सोडा जास्त म्हणजे केक जास्त हलका. अर्ध्याच्या जागी दोन चमचे घातला. आणि पिवळा रंग यावा म्हणून हळद घातली. झाकण उघडलं तर केक पिवळे नाहीत, विटकरी! फुगून मग मध्ये बसलेले, आणि चव साबणासारखी. माझी मुलगी एक घास खाऊन म्हणाली, "बाबा, हे कपडे धुवायचे केक आहेत का?" कारण असं, की दह्यातलं आम्ल संपलं आणि सोडा उरला. उरलेला सोडा आचेनं फुटून त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, म्हणजे धुण्याचाच सोडा. मुलगी अगदी बरोबर बोलली होती. आणि हळद अल्कमध्ये लाल होते, त्यामुळे रंगानं आधीच चुगली केली होती. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायची जुनी रीत आहे, तीच ही गोष्ट.

ते वाया गेलेले केक मी फेकले नाहीत, दोन शाळेत नेले. शेजारी बरोबर मापाचा हळदीचा केक ठेवला, तो पिवळाच राहिला होता. सोडा जास्त कशात, हे मुलांनी न खाता ओळखलं. दर्शक म्हणजे काय हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

पीठ मळायचं नाही

पोळीची कणीक जितकी मळावी तितकी चांगली. केकचं उलट. गव्हातल्या दोन प्रथिनांना पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाचं चिवट जाळं तयार करतात. पोळी लाटताना फाटत नाही ती त्याच्यामुळे. केकमध्ये हे जाळं फार झालं की केक चिवट होतो. म्हणून कोरडं-ओलं एकत्र करताना पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं, तीस-चाळीस वेळा, बास. छोट्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. मुलांच्या हातात पळी दिली की ती थांबत नाहीत, म्हणून आम्ही मोठ्यानं आकडे मोजत हलवतो.

आणि ज्वारीत ग्लुटेन नसतंच. भाकरीला उकळतं पाणी का घालतात, हे मी मुलांना आईला विचारून यायला सांगितलं होतं. "नाहीतर भाकरी फाटते", हे उत्तर सगळ्यांनी आणलं. गरम पाण्यानं ज्वारीतला स्टार्च चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. नुसत्या ज्वारीचा केक त्यामुळे भुसभुशीत होऊन हातात तुटतो, म्हणून आम्ही निम्मी कणीक घालतो.

तीन प्रकार

मूळ मिश्रण दोन भांड्यांत सारखं वाटायचं. एकात ५० ग्रॅम खवा, किसून, दोन चमचे दुधात सैल केलेला, आणि पाव चमचा वेलचीपूड. खवा त्याच दिवशीचा घ्या, आंबट वास आला तर वापरू नका. दुसऱ्या भांड्यात चार सपाट चमचे कोको पावडर चाळून आणि तेवढंच दूध. कोको कोरडा असतो, दूध नाही घातलं तर मिश्रण दगडासारखं घट्ट होतं.

तिसरा प्रकार वेगळा कालवावा लागतो. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. किसलेला गूळ अर्धी वाटी, तो अर्ध्या वाटी दह्यात विरघळवायचा. पाव वाटी तेल किंवा पातळ तूप. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. आप्प्याच्या पिठाइतकं सैल होईल असं थोडं दूध शेवटी. हे पंधराएक होतात. मला स्वतःला यांच्यात सगळ्यांत जास्त गोडी वाटते. मुलं मात्र कोकोवरच तुटून पडतात, खोटं कशाला सांगू.

एक हिशेब पालकांसाठी. पाऊण वाटी साखर म्हणजे साधारण १२५ ग्रॅम. ती २४ केकांत वाटली की एकात ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. क्रीमच्या केकबद्दल एवढं तरी छातीठोक सांगता येतं का?

भाजणं

आप्पेपात्र मंद आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा, प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल फिरवा, मिश्रण पाऊण भरा, काठोकाठ नको. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर सहा-सात मिनिटं. वरचा भाग कोरडा दिसला की आप्प्यासारखे उलटवा आणि दोन मिनिटं ठेवा. गुळाचे लवकर काळे होतात, तिथे डोळा ठेवा. कढईत करणार असाल तर मिठाचा थर आधी झाकण ठेवून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग वाट्या ठेवून आच कमी करा. पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. पहिली बारा मिनिटं झाकण उघडू नका, गार हवा लागून केक बसतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी १७० अंशांवर बारा ते चौदा मिनिटं. झालं की नाही हे बघायला काडी टोचा, कोरडी आली पाहिजे.

गॅसजवळ फक्त मोठी माणसं. मुलं मोजतात, चाळतात, कालवतात, भरतात. आमच्याकडे भाजण्याचं काम स्वयंपाकाच्या ताई आणि दोन आया करतात. पहिल्या दिवशी त्यातल्या एकीनं मला विचारलं, "मास्तर, आता बेकरी काढता का काय?" पण उलटवायला बसल्यावर त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला निघाला.

वरून सजावट म्हणाल तर क्रीम आमच्या उन्हात टिकत नाही. घट्ट चक्क्यात पिठीसाखर फेटून त्याचा छोटा गोळा आयत्या वेळी ठेवतो, म्हणजे श्रीखंडच. बिटाच्या चमचाभर रसानं तो गुलाबी होतो. फ्रीज नसेल तर चक्काही नको, नुसतं सुकं खोबरं भुरभुरा. आणि शेंगदाणा किंवा दूध कुणाला चालत नाही का, हे आधी पालकांना विचारून घ्या. त्या मुलाचे केक आधी, स्वच्छ पात्रात करा. दुधाची अडचण असेल तर दह्याऐवजी पाणी आणि दोन चमचे लिंबाचा रस चालतो, खवा अर्थातच नाही.

मेणबत्ती आम्ही लावत नाही. तीस तोंडांसाठीच्या ताटावर फुंकर मारणं मला पटत नाही, आणि वाढदिवसाला दिवा विझवायचा कशाला असं आमची आई म्हणते. वर्गातल्या मुली सगळ्या वाढदिवसवाल्यांना ओवाळतात, मग हात धुऊन ओळीनं बसायचं. महिन्यातून एका शनिवारी हे करतो. २०२४ पासून आपल्या शाळांत आनंददायी शनिवार आलाच आहे, त्यात बसतं. खर्च वर्गणीनं नाही, वस्तूंनी भागवतो. कुणी वाटीभर दही आणतं, कुणी मूठभर शेंगदाणे, कुणी नुसती वाटी. ज्याला काही आणणं जमत नाही तो मोजणारा होतो, आणि मोजणाऱ्याचा मान मोठा असतो. पोट दुखण्याच्या रजा आता मला दिसत नाहीत.

ती फडावरची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तिचा वाढदिवस केला, आणखी तिघांबरोबर. चार पाट, चौघांना ओवाळलं. तिनं खव्याचा केक खाल्ला, कोकोचा बांधून मागितला. भावाला म्हणाली. मी डब्यात सहा दिले, गुळाचे वरून, कारण ते दोन-तीन दिवस टिकतात. खव्याचे आणि चक्क्याचे त्याच दिवशी संपवायचे असतात, हेही तिला सांगितलं. तिनं वहीत माप उतरवून घेतलं होतं, सोड्याच्या आकड्याखाली दोन रेघा मारून.

एप्रिलमध्ये ती परत आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "सर, तिकडं आप्पेपात्र नव्हतं. तव्यावर केले. ज्वारीचे. चपटे झाले." मी विचारलं, सोडा कुठून आणला? म्हणाली, टोळीतल्या एका काकूकडं होता, डाळ शिजवायला ठेवलेला. किती घातला?

"पाव चमचा. मापून."

तव्यावरचे चपटे केक आता आमच्या यादीत चौथा प्रकार आहेत. झाकण ठेवायचं, एक डाव मिश्रण, आच मंद. या महिन्यात पाच वाढदिवस आहेत, खवा सांगून ठेवला आहे. तुमच्याकडे आप्पेपात्र नसेल तर तव्यानंच सुरुवात करा.